दीड दिवसाचं काम

खैरगावात बंदूक एकच होती, आणि तीही उडत नव्हती. पण तिचा तोरा असा, की चालत्या दहा बंदुकांना नसेल. व्यंकटराव देशमुखांच्या आज्याला ती कुण्या गोऱ्या साहेबानं दिली होती. का दिली, याच्या गावात चार हकिगती होत्या. देशमुख स्वतः सांगायचे ती पाचवी. शिकारीची दुनळी रायफल, तोंडातून दारू ठासायची आणि मागं दारूची इवली टोपी बसवून उडवायची. अक्रोडाचा दस्ता, आणि टोपीवर आपटणाऱ्या घोड्याशेजारी पोलादावर कोरलेलं, मागं वळून बघणारं हरीण. देशमुखांच्या बापाच्या हयातीतच ती बंद पडली होती. मग तेलकट फडक्यात गुंडाळून ती संदुकीत गेली आणि तीस वर्षं तिथंच राहिली. पुढंही तिथंच राहिली असती तर बरं झालं असतं.

गावचा लोहार लिंबाजी. वर्षाच्या बलुत्यावर नांगराचे फाळ, पाभरीचे दाते, विळे, खुरपी करून द्यायची, हे त्याचं काम. पण त्याचा बाप तरुणपणी हिंगोलीच्या छावणीत फौजेच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या हाताखाली सात वर्षं राबला होता, आणि ती विद्या त्यानं मरायच्या आधी पोराच्या हातात घातली होती. गावाला तिचा उपयोग शून्य. लिंबाजीला मात्र ती अंगात मुरलेल्या तापासारखी होती. जत्रेत कुणाच्या खांद्यावर बंदूक दिसली की तो तिच्यामागं मैलभर चालत जायचा.

त्याच्या घरात मूलबाळ नव्हतं. होती ती बायको, धुरपता, आणि तीच त्याची जोडीदारीण ऐरणीवरसुद्धा. लिंबाजी हातोडीनं जागा दाखवायचा आणि धुरपता त्या जागी घण आणायची. वीस वर्षांत तिचा घाव बोटभर इकडचा तिकडं झाला नव्हता. चुकायची ती लिंबाजीची हातोडी, आणि ती चुकली की धुरपता गल्लीला ऐकू जाईल असं हसायची. लोक म्हणत, लोहाराच्या घरात घण बाईचा आणि गप्प बसणं बाप्याचं. ते खोटं नव्हतं.

फसली तेराशे सत्तेचाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अडतीसच्या चैत्रात हैदराबादचे मिर्झा साहेब चारठाण्याची जुनी देवळं बघायला आले. उतरायला त्या भागात बरं घर म्हणजे देशमुखांचं, म्हणून मुक्कामाला खैरगावात. साहेबांना जुन्या हत्यारांचा शौक. जेवणावर बोलता बोलता देशमुखांनी पाचवी हकिगत सांगितली आणि साहेबांचा घास हातातच थांबला. संदूक बाहेर आली. कुलूप गंजून धरलेलं, म्हणून लिंबाजीला बोलावणं गेलं.

कुलूप निघालं, फडकं सुटलं, आणि मिर्झा साहेबांनी बंदूक दोन्ही हातांनी उचलून अंगणातल्या उजेडात नेली. स्वतःच्या रुमालानं हलकेच तेल टिपलं. खालून नळ्या दिसल्या, जुन्या गुळाच्या रंगाच्या, आणि त्या रंगात बारीक लाटा, एकीला लागून दुसरी, दस्त्यापासून तोंडापर्यंत. लिंबाजी आपण कुठं उभे आहोत हे विसरून दोन पावलं पुढं गेला.

"देख रहे हो, उस्ताद?" मिर्झा साहेब म्हणाले.

उस्ताद! लिंबाजीला जन्मात कुणी या शब्दानं हाक मारली नव्हती. तो म्हणाला, "दोन जातीचं लोखंड पिळून एकात एक वळवलंय साहेब. मंग तेजाबात आंबवून रंग चढवलाय. त्या रंगामुळंच लाटा दिसायल्यात."

साहेब खूश झाले. देशमुखांकडं वळून म्हणाले, "सुनो देशमुख साहब, इसको छेडनाच नक्को. एक पेच भी नहीं. जैसी है वैसी रखो. जाडों में आकर ले जाऊंगा." बदल्यात नवी काडतुसाची विलायती रायफल, परवान्यासकट, आणि जिल्ह्याच्या दरबारात देशमुखांना खुर्ची मिळावी म्हणून वर शब्द टाकीन, असंही ते बोलले. बोलणं शौकीन माणसाचं होतं, पण खुर्चीचं नाव निघाल्यावर देशमुखांना पुढचं काही ऐकूच आलं नाही. त्यांचे चुलतभाऊ, सोनपेठकडचे दिनकरराव, दरबारात खुर्चीवर बसायचे आणि व्यंकटराव त्यांच्या मागं उभे राहायचे. दहा वर्षं हा काटा सलत होता.

साहेब गेले. त्या दिवसापासून त्या बंदुकीला कुणाला हात लावू द्यायचा नाही असं झालं. येणाऱ्याजाणाऱ्याला देशमुख ती हातभर अंतरावरून दाखवायचे.

आषाढात डोंगराकडून शेळ्या जायला लागल्या. होता तो बिबट्या, पण गाव त्याला वाघच म्हणत होतं. लिंबाजीनं लोखंडी सापळा करून दिला, त्यात पाटलाचं कुत्रं सापडलं. लोकांनी डबे वाजवले, रात्रभर जाळ केले. श्रावणात शेळ्या राखणारी म्हातारी कडूबाई भरदुपारी ओढ्यातून उचलली गेली. तिसऱ्या दिवशी गाव देशमुखांच्या दारी जमा झालं. लिंबाजी पुढं होता. बंदुकीचं बोलणं म्हटल्यावर लोकांनीच त्याला पुढं ढकललं होतं.

"मालक, बंदूक द्या," तो म्हणाला. "चालती करून देतो."

"काय काय करशील?" देशमुखांनी ओसरीवरून विचारलं.

"टोपी ज्याच्यावर बसती, त्या बोंड्या गंजून नळीत धरल्यात. त्या सुंभा ठोकून पाडाव्या लागतील. भोक मोठं करून नवे आटे पाडतो आन् नव्या बोंड्या बसवतो. घोडा उसळवणारी कमान तुटलीय, ती नवी घडवतो. दस्त्याला चीर हाय, तिथं तांब्याची पट्टी आवळतो."

"म्हंजे भोकं पाडून, ठिगळ लावून देणार. मिर्झा साहेबाला मी काय दाखवू, तुजं ठिगळ?"

"दीड दिवसाचं काम हाय मालक. परवा सांजच्याला बार निघंल."

"अर्ज दिलाय मी तहसिलीत. सरकारी शिकारी येईल."

अर्ज दिला होता हे खरं. चांगल्या उर्दूत लिहून घेतलेला, सहीशिक्क्याचा. पुढं तो कुठं गेला ते त्या अर्जालाच ठाऊक.

"माणूस गेलंय मालक," लिंबाजी म्हणाला.

"म्हातारी व्हती. लय वाईट झालं. मी न्हाई म्हणतो का?"

तेव्हा मागून, बायांच्या घोळक्यातून आवाज आला. "अवो मालक, बंदूक मारायला असती का नटवून ठेवायला?" आवाज धुरपताचा होता. दोघं-तिघं हसली आणि लगेच गप्प झाली. देशमुखांनी त्या बाजूला बघितलंसुद्धा नाही. लिंबाजीला म्हणाले, "लोहारणीला लय बोलता येतंय. घरी शिकवीत जा थोडं." आणि आत निघून गेले.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण लिंबाजीनं ती कुणाला सांगितली नाही. देशमुखांनी नकार दिला तेव्हा त्याला राग आला, अपमानही वाटला. पण त्या सगळ्याच्या खाली, अगदी तळाला, त्याला बरं वाटलं. त्या लाटांमध्ये सुंभा घालायला आपल्याला लागणार नाही, म्हणून बरं वाटलं. ज्यानं ते पोलाद वळवलं तो कारागीर कोण, कुठला, कधीच मेलेला असणार. पण त्याच्या कामात भोक पाडायचं म्हणजे लिंबाजीचा हात आखडत होता. म्हणून त्यानं देशमुखांचे पाय धरले नाहीत. गावानं म्हटलं, चल, पुन्हा जाऊ, तर म्हणाला, ते ऐकायचे न्हाईत.

धुरपताच्या नजरेतून ते सुटलं नाही. संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तुमी अजून जोरानं बोलला असता तर दिली असती त्यांनी."

"न्हाई दिली असती."

"तुमालाच नको व्हतं. मी वळखीत न्हाई का? तिकडं बगताना तुमचं तोंड कसं व्हतंय ते." तिनं भाकर तव्यावर टाकली. "लोखंडावर इतका जीव लावू नये बाप्यानं. लोखंड काय तुमच्या मागं रडणार हाय?"

लिंबाजीनं ताटातली गरम भाकर मोडली.

भाद्रपदात पावसानं उघडीप दिली. रब्बीची घाई सुरू झाली, पाभरीचे दाते दाराशी ढिगानं पडले आणि कोळसा संपला. उन्हाळ्यात डोंगराच्या सोंडेला लावलेल्या भट्टीतला कोळसा तिथंच पाल्याखाली झाकून ठेवलेला होता, तो आणायला हवा होता. नवराबायकोनं मिळून सकाळी निघायचं ठरवलं. घण आणि कुऱ्हाड दोघांच्या खांद्यावर असली की जनावर जवळ येत नाही, असा त्यांचा हिशेब.

सकाळी देशमुखांचा गडी आश्रुबा दारात उभा. "मालकानं बलावलंय. बंदुकीला सागवानी पेटी केलीय, तिला कडीकोयंडा बसवायचाय. आजच्या आज."

"उद्या येतो म्हणावं."

"लिंबाजीदादा, मला नको सांगू. तूच सांग जाऊन."

धुरपता म्हणाली, "जावा तुमी. कोळसा मी आणते. कोकिळा आन् दैवशाला सरपणाला चालल्यात, त्यांच्यासंगं जाते." तिनं कमरेला कोयता खोवला, पाटी घेतली आणि निघाली. कोपऱ्यावरून वळून म्हणाली, "कडी पक्की बसवा. न्हाईतर वाघ बंदूक खाईल." आणि तिच्या त्या गल्लीभर ऐकू जाणाऱ्या आवाजात हसली.

कडीकोयंड्याचं काम दुपारपर्यंत चाललं. देशमुख मधूनमधून येऊन सूचना करत होते. पेटीच्या आतून तांबडी मखमल लावली होती आणि तिच्यावर बंदूक निजवली होती. शेवटचा खिळा ठोकताना आश्रुबा धावत आला, आणि त्याच्या तोंडाकडं बघूनच लिंबाजीच्या हातातली हातोडी खाली गेली.

बायका दोघी ओरडत परत आल्या होत्या. गाव ढोल-डफ, कुऱ्हाडी घेऊन गेलं. कोळशाची पाटी वाटेत उपडी पडलेली, पाटीच्या पुढं कोयता, आणि कोयत्याच्या पात्याला पिवळे केस चिकटलेले. धुरपतानं एक घाव घातला होता. पण घणाला जसा पुरता हात मिळतो, तसा कोयत्याला मिळाला नव्हता. ती ओढ्याच्या कडेला सापडली. लिंबाजीनं तिला खांद्यावर आणलं, कुणालाही हात लावू दिला नाही. देशमुखांनी सवाष्णीसाठी म्हणून कोरं हिरवं लुगडं पाठवलं, आणि निरोप पाठवला की अर्जाची आठवण तहसिलीत पुन्हा करतो.

त्यानंतर लिंबाजीचा भाता बंद पडला. लोक दाते परत घेऊन जायला यायचे आणि न बोलता घेऊन जायचे. बिबट्या पुढं येलदरीकडं कुणी मारला म्हणे. खैरगावात तो पुन्हा दिसला नाही.

आश्विनात खंडेनवमी आली. त्या दिवशी देशमुखांच्या घरी हत्यारांची पूजा असते आणि आदल्या दिवशी हत्यारं घासायला लोहारानं जायचं, हा बलुत्यातला रिवाज. तलवारी, कट्यारी, एक पट्टा. बंदूक कधी पूजेला नव्हती. मोडकं हत्यार पूजेत मांडत नाहीत. यंदा आश्रुबा येऊन म्हणाला, "बंदूक पूजेला बसवायची म्हणतेत मालक. मधोमध. ती पण घासायचीय."

लिंबाजी गेला. न जाऊन करणार काय? देशमुखांच्या बाईसाहेब नर्मदाबाई ओसरीवर आल्या, गूळपाणी ठेवलं आणि धुरपताचं नाव काढून डोळ्याला पदर लावला. मग म्हणाल्या, "देवीपुढं काळी बंदूक बरी दिसत न्हाई. तलवारीगत लखलखीत कर रे."

लिंबाजी देशमुखांना म्हणाला, "मालक, मिर्झा साहेब म्हणले व्हते, हात लावू नका."

"ते तुज्या कापाकापीचं बोलले. पूजेला घासायचं न्हाई असं कोण म्हणंल? देवीचं काम हाय."

विटेची भुकटी, तेल आणि कुरुंदाचा दगड. लिंबाजीनं नळीच्या टोकाला चार बोटं जागा घासली. गुळाचा रंग फडक्यावर उतरला. खालून पांढरं पोलाद आलं आणि त्या चार बोटांतल्या लाटा गेल्या. तो थांबला.

"मालक, रंग उतरायलाय."

देशमुख वाकून बघायला आले. पांढरं पोलाद बघून त्यांचा चेहरा उजळला. "रंग कशाचा? शंभर वर्षांचा मळ हाय तो. बग की, आतून कसं रुपं निघायलंय! घास."

लिंबाजीनं एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगता आलं असतं. हा मळ नाही मालक, हा रंग कारागिरानं चढवलाय, हाच गेला तर साहेब बंदुकीकडं ढुंकून बघायचे नाहीत, एवढं बोलायला किती वेळ लागतो? त्याच्या तोंडाशी ते आलंही. पण त्याच्या कानांत श्रावणात ओसरीवरून दिलेलं ते उत्तर आलं. माणसासाठी हिला बोट लावायचं नव्हतं, देवीपुढं मिरवायला चालत होतं. त्यानं तोंड मिटलं आणि दगड उचलला.

तो दिवस मावळेपर्यंत घासत होता. एकेक लाट जाताना त्याला दिसत होती. ज्या नळीत एक भोक पाडायला त्याचा हात आखडला होता, तिची सगळी कातडी त्यानं सोलून काढली. आधी सुख वाटलं, दात ओठ खाऊन मिळतं तसलं सुख. मग हरणापाशी आला. हरणाच्या डोळ्याची रेघ बारीक, ती पुसली गेली आणि हरीण आंधळं झालं, तेव्हा ते सुखही संपलं. उरलं ते नुसतं काम, आणि काम अर्धं टाकायची त्याला सवय नव्हती.

पूजेला बंदूक मधोमध होती, हळदीकुंकू लावलेली, झेंडूची माळ घातलेली. लोक म्हणाले, रुप्याची हाय का काय! देशमुखांनी पाच जणांत लिंबाजीला मानाचा नारळ दिला.

पौषात मिर्झा साहेबांची मोटार आली. देशमुखांनी अंगावर शेरवानी चढवली होती; खुर्चीवर बसण्याची ती तयारी. पेटी मधल्या सोप्यात आणली. काही लागलं-सवरलं तर असावा म्हणून लिंबाजीला दाराशी उभं केलं होतं. कडी निघाली, झाकण उघडलं, आणि मखमलीवरून तो पांढरा उजेड साहेबांच्या तोंडावर आला.

साहेब पेटीवर वाकले. मग त्यांनी बंदूक उचलली. चैत्रात दोन्ही हातांनी उचलली होती, आता एका हातानं. नळीवरून अंगठा फिरवला आणि तो हरणापाशी थांबला.

"ये किसने किया?"

"आमच्या लोहारानं," देशमुख हसत म्हणाले. "आरशागत केलीय. पूजेला बसवली व्हती साहेब."

मिर्झा साहेबांनी दाराकडं बघितलं. ओळख पटली. यावेळी त्यांनी उस्ताद म्हटलं नाही. ते देशमुखांशीच बोलले, हळू, दुखवट्याला आलेल्या माणसासारखे. या बंदुकीची जी किंमत होती ती या रंगात आणि या नक्षीत होती. ती आता पृथ्वीवर कुणी परत आणू शकत नाही. आता ही नुसती बंदूक आहे, आणि बंदूक म्हणावी तर उडत नाही.

"पन साहेब," देशमुखांची जीभ अडखळली, "एक पेच हलवला न्हाई आमी. बोंड्या गंजलेल्या तशाच हायत. कमान तुटलेली तशीच हाय. ह्यो लोहार बदलतो म्हणत व्हता, मी बदलू दिलं न्हाई!"

"अरे, वो बदल देते ना!" मिर्झा साहेब पहिल्यांदाच चिडून बोलले. "शिकार की बंदूक है. बोंडी, कमान, ये तो घिसते हैं, बदलते हैं. पुराने शिकारी सब बदलवाते थे. थोडी कदर कम होती, मगर मैं ले लेता. मरम्मत की हुई चीज मैं ले लेता, देशमुख साहब. ये नहीं."

साहेबांनी जेवण घेतलं नाही. खुर्चीचं नाव निघालं नाही, आणि देशमुखांनी काढायचा प्रयत्न केला तेव्हा मोटारीचं दार लागलं होतं.

लिंबाजी दाराशीच उभा होता. ले लेता. तो शब्द त्याच्या कानात राहिला होता. म्हणजे भोकं पाडली असती तरी चाललं असतं, ठिगळ लावलं असतं तरी चाललं असतं. श्रावणातच चाललं असतं. पाय धरायला हवे होते, हे त्याला आता कळत होतं. आणि धुरपता जाण्यात देशमुखांइतकाच आपलाही हात आहे, हेही कळत होतं.

देशमुख पायऱ्या चढून आले. संताप काढायला समोर एकच माणूस होता. "तुला ठाव व्हतं! रंग गेल्यावर काय व्हतंय ते तुला ठाव व्हतं!"

"म्या म्हणलं व्हतं मालक, रंग उतरायलाय."

"एकदा म्हणलास. दुसऱ्यांदा कामून बोलला न्हाईस? अडवायचं व्हतं मला!"

देशमुखांनी पेटीला लाथ मारली. कडीकोयंडा पक्का होता, निघाला नाही. बंदूक उचलून त्यांनी लिंबाजीच्या अंगावर ढकलली. "आता निदान उडती तरी कर. घाल तुज्या बोंड्या. आता काय राहिलंय हिचं?"

चार महिन्यांनी लोहाराचा भाता पुन्हा पेटला. कमानीसाठी लिंबाजीनं मोडक्या पहारीचा तुकडा लाल केला. हातोडीनं जागा दाखवायची सवय, म्हणून त्यानं एकदा तांबड्या पोलादावर टक् करून जागा दाखवली आणि थांबला. पलीकडून घण आला नाही. मग त्यानं स्वतःच घण उचलला. डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात घण. एका हातानं घाव कमी पडायचा, लोखंड निवून जायचं, पुन्हा भाता, पुन्हा जाळ. जे काम दोघांनी चार तावांत केलं असतं, त्याला सोळा ताव लागले. जुन्या बोंड्या मात्र सुंभ्याच्या दुसऱ्याच घावाला निघाल्या. आटे नीट पडले. तांब्याची पट्टी दस्त्यावर अशी बसली, की बोट फिरवलं तरी शिवण लागू नये.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो बंदूक घेऊन ओढ्याच्या कडेला गेला, धुरपता सापडली होती तिथं. दारू ठासली, गोळ्या घातल्या, टोप्या बसवल्या. पन्नास पावलांवरच्या पळसाला दोन्ही बार लागले, एकाशेजारी एक. एक नळी भरलेली ठेवून देशमुखांच्या घरी जावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं होतं. म्हणूनच त्यानं दोन्ही बार इथंच काढले. मग तो जरा वेळ खाली बसला आणि त्याला रडू आलं, चार महिन्यांत पहिल्यांदा.

देशमुख ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. राग ओसरला होता. लिंबाजीनं बंदूक पुढं ठेवली. त्यांनी घोडा ओढून बघितला, सोडून बघितला. कमान खणखणीत वाजली.

"उडती का?"

"उडती. दोन बार काढले."

"नेम?"

"सरळ हाय."

देशमुखांनी बोटांवर मोजलं. "परवा नेलीस ना? दोन दिवस पुरे लागले की. तवा तर गावादेखत सांगत व्हतास, दीड दिवसाचं काम हाय म्हणून."

"तवा घणावर माणूस व्हतं मालक," लिंबाजी म्हणाला.

देशमुखांना ते पटलं. "हां, मग बरोबर हाय," ते म्हणाले, आणि बंदूक खांद्याला लावून समोरच्या चिंचेवर नेम धरून बघू लागले.